निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते

न्यायाधिकरणाच्या दारावर कागद चिकटवला होता. ‘आज खंडपीठ उपलब्ध नाही. बोर्डावरील सर्व प्रकरणे पुढील तारखेस.’ तारीख पेनानं लिहिलेली, साडेतीन महिन्यांनंतरची. त्या कागदासमोर माझे काका उभे होते. आरोग्य खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले, वय ६४. रात्रभर एसटीनं प्रवास करून सकाळी साडेनऊला तिथे पोहोचलेले. त्यांनी पिशवीतून छोटी डायरी काढली, तारीख उतरवून घेतली आणि मला म्हणाले, ‘चल, साडेबाराची गाडी मिळेल.’

त्यांना राग आला नाही. पाच वर्षांत त्यांना त्या कागदाची सवय झाली होती. मला राग आला तो त्या सवयीचा.

खंडपीठ का नाही, असं मी तिथल्या कारकुनाला विचारलं. सदस्य निवृत्त झाले, म्हणाला. कधी? दोन महिने झाले. नवे कधी येणार? ‘ते वरून ठरतं.’

माणूस आजारी पडतो, अपघात होतो, मरण येतं. या गोष्टी सांगून येत नाहीत. निवृत्ती सांगून येते. सदस्य खुर्चीवर बसतो त्या दिवशीच्या नेमणुकीच्या आदेशातच त्याची मुदत लिहिलेली असते. इतकी वर्षं, किंवा वयाची अमुक वर्षं पूर्ण होईपर्यंत. म्हणजे ती खुर्ची कधी रिकामी होणार हे सरकारला काही वर्षं आधीपासून ठाऊक असतं. तरीही ती रिकामी राहते, तेव्हा त्याला ढिलाई म्हणून सोडून देता येणार नाही. कुठल्यातरी टेबलावर कोणीतरी ती रिकामी राहू दिलेली असते.

मला आज एवढंच म्हणायचं आहे. बाकीचा मजकूर हा त्याचा पुरावा.

काकांचं प्रकरण काय होतं? निवृत्तीच्या वेळी त्यांचं सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं. पंधरा वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली होती, असं निघालं. चूक कार्यालयाची. वसुली काकांच्या उपदानातून. याबाबतचा कायदा ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितलं की तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही. खुर्चीवर माणूस असता तर हे प्रकरण अर्ध्या तासाचं होतं. खुर्ची रिकामी म्हणून ते पाच वर्षांचं झालं. आणि या पाच वर्षांत पैसे कोणाकडे होते? ज्यांची चूक होती त्यांच्याकडे.

रिकामी खुर्ची तटस्थ नसते. ज्याच्या ताब्यात पैसे आहेत, जमीन आहे, पद आहे, त्याच्या बाजूनं ती रोज निकाल देत असते.

*

न्यायाधिकरणं आली कशासाठी?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत अनुच्छेद ३२३क आणि ३२३ख आले. उच्च न्यायालयांवर ओझं वाढलं आहे, सरकारी नोकरांचे, करांचे, जमिनीचे वाद वेगळ्या, जाणकार मंचावर लवकर सुटावेत, हा विचार. १९८५ साली प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा झाला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘कॅट’, सुरू झालं. महाराष्ट्राचं ‘मॅट’ १९९१ सालचं. मुंबईत मुख्य पीठ, नागपूर आणि औरंगाबादला खंडपीठं.

त्या वेळी लोकांना दिलेला शब्द आठवा. कॅटच्या १९८७ च्या नियमांत अर्जाची फी ५० रुपये ठेवली. अर्जदाराला वकील न लावता स्वतः उभं राहून बोलता येईल, असं कायद्यातच लिहिलं. खंडपीठावर दोघे बसतील: एक न्यायिक सदस्य, एक प्रशासकीय सदस्य. एकाला कायदा कळतो, दुसऱ्याला फाइल कशी फिरते आणि कुठे अडते हे कळतं. कल्पना चांगली होती. आजही चांगली आहे.

पण दोघांच्या खंडपीठातला एक गेला की दुसराही अडतो. एकट्यानं ऐकता येतील अशी काही प्रकरणं असतात, बाकीची थांबतात. एक खुर्ची रिकामी ठेवली की काम दोन खुर्च्यांचं बंद पडतं.

महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा २००५ चा. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ, सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये. ज्याची मुदतपूर्व बदली झाली तो मॅटमध्ये ओए, म्हणजे मूळ अर्ज, दाखल करतो. आता हिशेब करा. तीन वर्षांच्या पदावरून बेकायदा हलवलेल्या माणसाचा अर्ज तीन वर्षं पडून राहिला, तर तो जिंकून काय करणार? पदाची मुदत संपली. निकाल त्याच्या बाजूनं लागला तरी तो हरलेलाच.

*

हा प्रश्न फक्त सरकारी नोकरांचा आहे असं वाटत असेल तर थोडं आजूबाजूला पाहू.

मुंबईच्या लोकलमधून पडून घरचा कमावता माणूस गेला. भरपाईचा अर्ज रेल्वे दावे न्यायाधिकरणात. मृत्यूची भरपाई २०१७ पासून ८ लाख रुपये. मयताच्या खिशात तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली रिना देवी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. त्या विधवेला तरीही तारखांना यावं लागतं, आणि प्रत्येक तारखेला रोजंदारी बुडते.

रस्त्यावरच्या अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. तिथे तर निकाल लागून, विमा कंपनीनं पैसे भरूनही पैसे घरापर्यंत पोहोचत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये न्या. अभय ओक यांच्या पीठानं यावर निकाल दिला, तेव्हा एकट्या महाराष्ट्रातल्या अशा न्यायाधिकरणांत साडेचारशे कोटींहून अधिक रुपये दावेदारांविना पडून असल्याचं समोर आलं. ज्यांच्या नावानं निकाल झाला त्यांचा पत्ता बदलला, फोन बदलला, वकील भेटेनासा झाला. कोणी शोधायला गेलं नाही. दावेदाराच्या बँक खात्याचा तपशील आधीच घ्या आणि रक्कम थेट खात्यात जमा करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. भारतातला आजचा मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. इतकी साधी गोष्ट सांगायला ३७ वर्षं लागली. न्यायाधिकरणाचं काम किती निकाल दिले यावर मोजायचं की किती घरांत पैसे पोहोचले यावर? माझं उत्तर दुसरं.

कुळाच्या जमिनीचा वाद. १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्याची जमीन झाली, असं कायदा म्हणतो. वाद मात्र तहसीलदार, प्रांत, महसूल न्यायाधिकरण, हायकोर्ट या पायऱ्यांनी चढत राहिले. महसूल न्यायाधिकरणाला गावाकडे कोणी पूर्ण नावानं ओळखत नाही. ‘एमआरटीत आहे’ म्हणतात, आणि त्या बोलण्याचा सूर ‘अजून काही सांगता येत नाही’ असा असतो. जुनी फाइल उघडली की अर्जदाराच्या नावाआधी शब्द दिसतो: ‘मयत’. पुढे ‘तर्फे वारस’, आणि वारसांची यादी. कधी वारसांतलाही एखादा मयत, मग त्याचे वारस. जमीन कसणाऱ्यानं जिवंतपणी न्याय मागितला होता. व्यवस्थेनं त्याला उत्तर म्हणून वंशावळ दिली.

खासगी शाळेतला शिक्षक. संस्थेनं काढून टाकलं तर १९७७ च्या कायद्याखाली ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं. एकतिसाव्या दिवशी गेला तर उशीर का झाला, हे त्याला आधी पटवून द्यावं लागतं. न्यायाधिकरणाला उशीर झाला तर ते कोणी कोणाला पटवून द्यायचं? एक दिवस चुकला की शिक्षकाला जाब, वर्षं चुकली की व्यवस्थेला माफी, ही वाटणी मला मान्य नाही.

पर्यावरणाचा वाद असेल तर पुण्याचं हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ. २०१० च्या कायद्यानं सांगितलं की सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा. सदस्यच नाहीत म्हणून याच पीठाची प्रकरणं दिल्लीहून पडद्यावर ऐकली जाण्याची पाळी आलेली आहे. नदीपात्रात भराव पडतो तो काही आठवड्यांत. झाडं तुटतात एका रात्रीत. तिथे खुर्ची रिकामी असण्याचा प्रत्येक दिवस भराव टाकणाऱ्याच्या कामी येतो.

आणि पाणी. म्हादईचा लवाद २०१० साली नेमला, निवाडा २०१८ साली आला, राजपत्रात २०२० साली. गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. दुसरा कृष्णा लवाद २००४ सालचा. निर्णय २०१० साली, पुढचा अहवाल २०१३ साली, आणि २०२३ साली आंध्र आणि तेलंगणाच्या वाटणीचं काम पुन्हा त्याच्याच पुढ्यात. २००४ साली जन्मलेलं मूल आज मतदान करतं.

*

आता सर्वांत मोठी रिकामी जागा. तिथे तर खुर्चीच नव्हती.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. मध्यरात्री संसदेत सोहळा झाला. कायद्याच्या कलम १०९ मध्ये अपील न्यायाधिकरणाची तरतूद होती. कर त्याच रात्री सुरू झाला. न्यायाधिकरण? त्याच्या अध्यक्षांनी शपथ घेतली मे २०२४ मध्ये. न्यायाधिकरणाचं उद्घाटन झालं २४ सप्टेंबर २०२५ रोजी. आठ वर्षांहून अधिक काळ कर होता आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची कायद्यानंच दिलेली जागा नव्हती.

मधल्या काळात काही घडलंच नाही असं नाही. न्यायाधिकरणाची रचना घटनेत बसत नाही, म्हणून मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ साली तरतुदी रद्द केल्या. कारण साधं होतं: न्यायदानाच्या खुर्च्यांवर न्यायिक सदस्यांपेक्षा अधिकारी जास्त बसवले होते. असं करू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगून ठेवलं होतं. जाणून-बुजून चुकीचा पाया घातला, तो पडला, आणि पडल्याची किंमत इचलकरंजीच्या सूतव्यापाऱ्यानं आणि लातूरच्या डाळमिलवाल्यानं भरली. पहिल्या अपिलासाठी वादातल्या कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरायची, ते हरलं तर वर दार नव्हतं. मग हायकोर्टात रिट. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजीच्या वकिलांची फी लहान व्यापाऱ्याला झेपत नव्हती. तो मागणी मान्य करायचा आणि भरून टाकायचा. त्या व्यापाऱ्यांचा आकडा कोणत्याही प्रलंबित यादीत सापडणार नाही. जे दारापर्यंत आलेच नाहीत त्यांची नोंद होत नाही.

कर गोळा करायची यंत्रणा वेळेत उभी राहते आणि कराविरुद्ध दाद मागायची यंत्रणा आठ वर्षांनी, याचा अर्थ प्राधान्य कशाला आहे ते स्पष्ट दिसतं.

दुसरा नमुना जुना आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या सायबर अपील न्यायाधिकरणाला २०११ च्या मध्यानंतर अध्यक्षच नव्हते. २०१७ साली ते दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झालं. या सहा वर्षांत भारतात मोबाइलवरून पैसे पाठवणं घराघरांत पोहोचलं, फसवणूकही पोहोचली. अपिलाची खुर्ची मात्र सहा वर्षं धूळ खात पडली.

*

खुर्ची रिकामी का राहते? कारण ती भरण्याची किल्ली चुकीच्या खिशात आहे.

यादी वाचा. रेल्वेविरुद्धचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण रेल्वे मंत्रालयाखाली. सैनिकांचे दावे ऐकणारं सशस्त्र दल न्यायाधिकरण संरक्षण मंत्रालयाखाली. कॅट कार्मिक खात्याखाली. हरित लवाद पर्यावरण मंत्रालयाखाली. जीएसटीचं महसूल विभागाखाली. मॅटला इमारत, कर्मचारी आणि पैसा राज्य सरकार देतं, आणि मॅटसमोर जवळजवळ प्रत्येक प्रकरणात प्रतिवादी राज्य सरकारच असतं.

गावच्या पंचाला जेवण, घर आणि पुढच्या वर्षीची पंचकी जर वादातलाच एक जण देत असेल, तर पंच प्रामाणिक असूनही गाव त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. इथे कुणा सदस्याच्या सचोटीवर माझं बोट नाही. अनेक सदस्य अपुऱ्या स्टेनोंवर, गळक्या इमारतींत, दोघांचं काम एकट्यानं ओढतात. माझं बोट रचनेवर आहे. ज्याला निकालाची भीती आहे त्याच्याच हातात नेमणूक, मुदतवाढ, कागद आणि पगार द्यायचा नसतो, एवढं शहाणपण आपल्या पंचायतींनाही होतं.

सर्वोच्च न्यायालयानं हे किती वेळा सांगितलं? १९९७ साली एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींनी सांगितलं: न्यायाधिकरणांसाठी स्वतंत्र यंत्रणा करा, ती होईपर्यंत सगळी एका मंत्रालयाखाली, शक्यतो कायदा मंत्रालयाखाली आणा. नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा सांगितलं: राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापन करा, सदस्यांना पाच वर्षांची मुदत द्या. सरकारनं अध्यादेश काढून चार वर्षं केली आणि किमान वय ५० ठेवलं. १४ जुलै २०२१ रोजी न्यायालयानं ते रद्द केलं. महिना उलटायच्या आत संसदेनं त्याच तरतुदी न्यायाधिकरण सुधारणा कायद्यात पुन्हा मंजूर केल्या. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात देशभरच्या न्यायाधिकरणांत अडीचशेच्या आसपास जागा रिकाम्या होत्या, आणि सरन्यायाधीश रमणा यांच्या पीठाला त्यावरून सरकारला खडसवावं लागलं.

शेवटी १९ नोव्हेंबर २०२५ रोजी, अमरावतीचे भूमिपुत्र सरन्यायाधीश भूषण गवई निवृत्त होण्याच्या चार दिवस आधी, त्यांच्या पीठानं २०२१ च्या कायद्यातल्या या तरतुदी रद्द केल्या आणि आयोग स्थापन करायला चार महिन्यांची मुदत दिली. २०१० पासून या लढ्यात याचिकाकर्त्याचं नाव बहुतेक वेळा एकच: मद्रास बार असोसिएशन. चेन्नईच्या वकिलांनी पंधरा वर्षं एकच गोष्ट धरून ठेवली, याबद्दल महाराष्ट्रानं त्यांचे आभार मानायला हवेत.

चार वर्षं की पाच, यावर एवढं रण का? कारण मुदतीवर माणूस ठरतो. पंचेचाळिशीतली चांगली वकील चालती वकिली सोडून चार वर्षांसाठी सदस्य व्हायला का येईल? परतल्यावर अशिलं गेलेली असतात. मग खुर्चीवर फक्त निवृत्त झालेले येतात, आणि त्यांतल्या काहींना मुदतवाढीची आशा लागून राहते. ज्या सरकारविरुद्ध निकाल द्यायचा त्याच सरकारकडे मुदतवाढ मागायची, ही पाळी कोणावरच येऊ नये.

२०२१ च्या त्या कायद्यात आणखी एक शब्द होता. निवड समितीनं नावं पाठवल्यावर सरकारनं ‘शक्यतो’ तीन महिन्यांत निर्णय घ्यावा. शिक्षकाला ३० दिवस बंधनकारक. सरकारला ‘शक्यतो’. सारा रोग त्या एका शब्दात होता.

*

‘मग बंदच करा ना ही न्यायाधिकरणं,’ असं काही जण म्हणतात. करून पाहिलं आहे. ओडिशानं २०१९ साली आपलं प्रशासकीय न्यायाधिकरण गुंडाळलं. प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. २०२१ साली केंद्रानं चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण बंद केलं. सेन्सॉरनं कात्री लावली तर मुंबईतल्या लहान माहितीपटकारालाही आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. मोठ्या निर्मात्याला ते परवडतं. दार बंद केल्यानं गर्दी कमी होत नाही, ती पुढच्या दारावर जाते, आणि त्या दाराची फी जास्त असते.

‘चांगली माणसं मिळत नाहीत,’ असंही म्हणतात. ज्या नेमणुकीची जाहिरात उशिरा निघते, निवड झाल्यावर नाव महिनोन् महिने पडून राहतं, राहायला घर मिळत नाही आणि थोड्याच वर्षांत परत पाठवतात, तिथे चांगली माणसं कमी येणारच. दोष माणसांच्या तुटवड्याचा नाही.

आणि जमतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. आयकर अपील न्यायाधिकरण २५ जानेवारी १९४१ रोजी सुरू झालं. देशातलं हे सर्वांत जुनं न्यायाधिकरण, मुख्यालय महर्षी कर्वे मार्गावर. ते अर्थ मंत्रालयाखाली नाही, कायदा मंत्रालयाखाली आहे. कर लावणाऱ्या खात्याच्या हातात कराचा न्याय द्यायचा नाही, हे स्वातंत्र्यापूर्वीच कळलं होतं. वस्तुस्थितीवर त्याचा शब्द अंतिम. उच्च न्यायालयात जायचं तर कायद्याचा ठोस प्रश्न लागतो. त्याचं ब्रीद आहे ‘निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय’. तिथेही जागा रिकाम्या राहिल्या आहेत, थकबाकी झाली आहे. पण करदाता आणि आयकर खातं दोघंही त्याला आपलं मानत नाहीत आणि दोघंही त्याचा मान ठेवतात. पंचाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

इंग्लंडमध्येही हाच गोंधळ होता. प्रत्येक खात्याचं आपापलं न्यायाधिकरण. २००१ साली लेगॅट समितीनं अहवाल दिला, २००७ साली कायदा झाला, २००८ साली एक यंत्रणा चालू झाली. सात वर्षं. आपल्याकडे १९९७ पासून २०२५ पर्यंत २८ वर्षं गेली.

*

काय करायचं, ते सरळ लिहितो.

एक. नेमणुकीची प्रक्रिया निवृत्तीच्या वर्षभर आधी सुरू झाली पाहिजे. निवड समितीनं नाव पाठवल्यापासून तीन महिन्यांत निर्णय बंधनकारक. ‘शक्यतो’ पुन्हा नको.

दोन. नवा सदस्य येईपर्यंत जुन्यानं बसावं, पण कमाल सहा महिने. त्यापुढची मुदतवाढ नको, नाहीतर मुदतवाढ हीच मेहेरबानी होऊन बसते.

तीन. आयोग स्वतंत्र हवा, त्याचा पैसा वेगळा हवा. ज्या खात्याविरुद्ध निकाल द्यायचे त्याच्याकडे स्टेनोसाठी अर्ज करायची वेळ न्यायाधिकरणावर यायला नको. केंद्राच्या आयोगाकडे बोट दाखवून राज्यानं गप्प बसू नये. महसूल न्यायाधिकरण, शाळा न्यायाधिकरण ही राज्याची आहेत. मंत्रालयानं ठरवलं तर ही सुधारणा मुंबईतच होऊ शकते.

चार. सरकारी उत्तर दाखल नाही म्हणून तारीख, हे बंद करा. सरकारला दोन तारखा पुरेत. तिसऱ्या तारखेला उत्तर नसेल तर अर्जदाराचं म्हणणं ऐकून निकाल. आणि ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा कायदा ठरलेला आहे, तिथे खात्यानं आधी स्वतःची फाइल सुधारावी. काकांच्या वसुलीसारखी प्रकरणं न्यायाधिकरणापर्यंत येताच कामा नयेत.

पाच. प्रत्येक न्यायाधिकरणाच्या दारावर आणि संकेतस्थळावर दर महिन्याला पाच ओळी लावा: मंजूर खुर्च्या किती, भरलेल्या किती, या महिन्यात आलेली प्रकरणं, निकाली निघालेली, आणि सर्वांत जुन्या प्रकरणाचं वर्ष. जिल्हा न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतची थकबाकी राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर कोणालाही पाहता येते. न्यायाधिकरणांची झाकलेली का राहावी?

सहा. गडचिरोलीच्या माणसाला नागपूरला आणि सावंतवाडीच्या माणसाला मुंबईला फक्त तारीख घ्यायला बोलावू नका. सुनावणी पडद्यावर करा, आणि खंडपीठ बसणार नसेल तर आदल्या दिवशी मोबाइलवर कळवा. एसटीचं तिकीट काढण्याआधी.

सात. निकालाचा मराठी सारांश पक्षकाराच्या हातात द्या. जो जिंकला त्याला आपण का जिंकलो हे कळू द्या, आणि जो हरला त्याला तर जास्तच.

यातलं एकही काम अवघड नाही. एकासाठीही नवं तंत्रज्ञान शोधावं लागत नाही. लागते ती एकच गोष्ट: आपल्याविरुद्ध निकाल देऊ शकणारी खुर्ची स्वतःहून भरण्याची तयारी. लोकशाहीत सरकारची परीक्षा तिथेच होते.

ही परीक्षा सरकार आपण होऊन देणार नाही. ती आपल्याला घ्यावी लागेल. तुमचं किंवा तुमच्या घरातल्या कुणाचं प्रकरण ज्या न्यायाधिकरणात आहे, त्याबद्दल या आठवड्यात एक अर्ज करा. तीनच प्रश्न विचारा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती? येत्या दोन वर्षांत कोणतं पद कोणत्या तारखेला रिकामं होणार? त्या पदाची जाहिरात निघाली का? उत्तर आलं की ते आपल्या आमदाराला, खासदाराला आणि गावच्या वार्ताहराला द्या.

काकांनी त्या दिवशी डायरीत तारीख लिहून घेतली होती. घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून त्याच पानाच्या मागे हे तीन प्रश्न लिहिले आणि दुसऱ्या दिवशी अर्ज टाकला.

माहिती अधिकाराच्या अर्जाची फी दहा रुपये आहे.